पाठकोरीं छायाचित्रें

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनप्रसंगीं केलेलें भाषण)



या महोत्सवासाठीं घरोघरचीं जुनीं छायाचित्रें गोळा करावीं व त्यांचें एक लहानसें प्रदर्शन मांडावें, हें काम महोत्सव समितीनें आम्हां तिघां वृद्धांवर सोंपविलें, तेव्हां तें आम्हांस फार सोपें वाटलें होतें. फोटो मागून आणावे, भिंतीवर लावावे, खालीं नांवें लिहावीं, कीं झालें, असा आमचा समज होता. प्रत्यक्ष काम हातीं घेतल्यावर मात्र असें आढळून आलें कीं, छायाचित्रें पुष्कळ आहेत, पण त्यांतील माणसें कोण, स्थळ कोणतें आणि प्रसंग काय, हें सांगणारे थोडे उरले आहेत. याला कांहीं अंशीं आम्हीच कारण आहों. तें कसें, हें आज आपणांपुढें मोकळेपणानें सांगावें, या हेतूनें आम्ही येथें उभे आहों.

पंचवीस वर्षांपूर्वीं, रौप्यमहोत्सवाच्या वेळीं, असाच एक आल्बम आम्हींच तयार केला होता. घरोघरचे फोटो आणून, मैद्याची दाट खळ करून, जाड काळ्या कागदावर आम्हीं ते असे घट्ट चिकटविले कीं वाऱ्यानें कोपरादेखील हलूं नये. सर्वांनीं शाबासकी दिली. त्या फोटोंपैकीं कित्येकांच्या पाठीवर पेन्सिलीनें कांहींबाहीं लिहिलेलें आहे, हें आम्हांस त्या वेळीं दिसलें होतें. पण आमचें सारें लक्ष समोरच्या बाजूकडे. पाठ ही खळ लावण्याकरितांच असते, अशी आमची समजूत! त्या लिखाणावर खळ फिरवून आम्हीं खालीं सुवाच्य अक्षरांत ‘भोर सहल’, ‘वेल्हें सहल’, ‘मंडळी’ एवढेंच लिहिलें. आज तोच आल्बम उघडून ‘मंडळी’ म्हणजे कोण, असें आम्हीच एकमेकांस विचारीत बसलों होतों.

आतां समोरच्या भिंतीकडे पाहावें. तिच्यावर भोर व पूर्वीचा वेल्हें या दोन तालुक्यांतीलच छायाचित्रें लाविलीं आहेत. हे प्रांत आपल्या सहलींचे कां झाले, हें तरुण मंडळींस कदाचित् ठाऊक नसेल. आपल्यांतील पुष्कळशीं कुटुंबें वसईहून किंवा नगर जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठीं पुण्यास आलेलीं. गांव दूर, भाडें महाग, रजा थोडी. मग नाताळच्या किंवा ईस्टरच्या सुट्टींत एक दिवस काढून, शिदोरी बांधून, मंडळी पुण्याच्या दक्षिणेकडील या डोंगरांत जात. वेल्ह्याकडचीं भातखाचरें पाहून वसईच्या माणसांस घर आठवे. तोरण्याचा व राजगडाचा उघडा कातळ पाहून नगरच्या माणसांस आपल्या माळाची आठवण होई. हीं चित्रें नुसत्या मौजेचीं नाहींत. परक्या शहरांत राहणाऱ्या माणसांनीं एका दिवसापुरतें शोधलेलें तें गांव आहे.

हीं सर्व चित्रें हौशी माणसांनीं काढलेलीं आहेत, धंदेवाल्यांनीं नव्हेत. आपल्या इलाख्यांत छायाचित्रणाची हौस कांहीं नवी नाहीं. मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. परंतु ती हौस तेव्हां श्रीमंतांची. कोडॅक कंपनीनें १९०० सालीं ‘ब्राउनी’ नांवाचा एक डॉलर किंमतीचा पेटीसारखा कॅमेरा काढला, आणि तेव्हांपासून ही कला हळूहळू कारकुनाच्या व कामगाराच्या हातीं आली. अशा पेटींत एका रोलावर आठ चित्रें निघत. एक रोल गणपतीपासून ईस्टरपर्यंत पुरवावयाचा! पेटीचें भिंग साधें असल्यामुळें आठ-दहा फुटांच्या अलीकडील वस्तु धूसर येई, आणि सावलींतील वस्तु तर येतच नसे. म्हणून फोटो काढणाऱ्यानें सूर्याकडे पाठ करून उभें राहावें, असा नियम होता. या चित्रांतील सर्व माणसें डोळे किलकिले करून कां पाहतात, आणि पुष्कळ चित्रांत खालच्या बाजूस एक लांबट सावली कां पडलेली असते, याचें कारण तेंच. ती सावली फोटो काढणाऱ्याची असते. ती ध्यानांत ठेवावी; तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

आतां या भिंतीवरील तीन छायाचित्रांविषयीं सांगतों.

पहिलें चित्र नसरापूरचें. नसरापूर हें भोर तालुक्यांतील गांव पुणें-सातारा रस्त्याला लागून आहे, आणि तेथूनच वेल्ह्याकडे वाट फुटते. तेथें बनेश्वराचें देवालय आहे. तें नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतलें. आमच्या आल्बमांत या चित्राखालीं ‘नसरापूर सहल’ असें लिहिलेलें होतें. चित्रांत लुगडें नेसलेली एक स्त्री हात उंच करून उभी आहे, आणि तिच्या डोक्यावर नुसता काळा धूसर गोळा दिसतो. चित्र बिघडलेलें समजून आम्ही तें या वेळीं वगळणारच होतों. सुदैवानें त्याची खळ उंदरांनीं खाल्ली होती, त्यामुळें तें आपोआप सुटून आलें. (उंदरांचेही उपकार मानावे लागतात, ते असे!) पाठीवर पेन्सिलीनें लिहिलें होतें: “घंटेवर क्रूस आहे. साल १६८३. ही आपल्या वसईची. तिनें हात लावला. मला वाटलें रडेल. ती म्हणाली, वाजते ना? मग पुरे.”

बंधुभगिनींनो, तो काळा गोळा म्हणजे ती घंटा होती. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली, तेव्हां तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या व ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीस एक आहे, आणि तशीच ही बनेश्वरास आहे. चित्रांतील बाई वसईच्या. काढणारे त्यांचे यजमान, खडकीच्या दारुगोळा कारखान्यांत नोकरीस होते. पेटी फार जवळ नेली आणि घंटा सावलींत, म्हणून ती उमटली नाहीं. जें उमटावयाचें होतें तें पाठीवर उमटलें. दोघेही आतां देवाघरीं आहेत. त्यांच्या नातवानें हीं चार ओळींचीं अक्षरें प्रथमच वाचलीं, आणि तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. आपली आजी ही फक्त पापड लाटणारी व रोझरी म्हणणारी एक अबोल बाई, असेंच तो समजत होता.

दोनशें वर्षांचें शल्य त्या बाईनें चार शब्दांत निकालांत काढलें. आम्हांस येथें एक गोष्ट आठवते. ज्या पेशवाईंत ती घंटा वसईहून नसरापुरास आली, त्याच पेशवाईंत, सवाई माधवरावांच्या वेळीं, १७९२ सालीं पुण्यांत कॅथॉलिक लोकांस चर्चसाठीं जागा देण्यांत आली. इतिहास एका हातानें नेतो आणि दुसऱ्या हातानें देतो. हिशेब मांडीत बसणाऱ्यास तो कधीं जुळत नाहीं. घंटा वाजते आहे, एवढें ज्यास पुरे वाटतें त्याचा तो जुळतो. ही शिकवण आम्हीं पंचवीस वर्षें खळीखालीं दडपून ठेविली होती.

दुसरें चित्र राजगडाचें. हें पाहून लहान मुलें थबकतात. बालेकिल्ल्याच्या काळ्या कड्यावर, जेथें माणसाचा पाय ठरणार नाहीं अशा जागीं, शुभ्र झगा व डोक्यावर जाळीचें वस्त्र घेतलेली एक आठ वर्षांची मुलगी हात जोडून उभी आहे, आणि तिच्या अंगांतून कातळ दिसतो. ज्या घरांतून हें चित्र आलें त्या घरीं तें तीस वर्षें वेदीवर, पवित्र मातेच्या मूर्तीशेजारीं ठेवलेलें होतें. त्या घरच्या मातोश्री येणाऱ्या-जाणाऱ्यास तें दाखवीत आणि म्हणत, “पाहा, आमची बाय डोंगरावर पोहोंचली.”

या चित्राच्या पाठीवर कांहींच लिहिलेलें नव्हतें. त्याची हकीकत आम्हांस त्या मुलीच्या वडील भावाकडून कळली. ते आतां ऐंशीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेंच ती येथें सांगतों. सन १९६६ च्या डिसेंबरच्या आठ तारखेस, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशीं, त्यांच्या धाकट्या बहिणीनें प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलें. भावानें उसना कॅमेरा आणून तिचा एक फोटो काढला. एकच, कारण रोलांत थोडींच चित्रें उरलीं होतीं, आणि नाताळच्या सुट्टींत मित्रांबरोबर राजगडास जावयाचें होतें. मार्गासनीपर्यंत एस. टी., तेथून गुंजवण्यापर्यंत पायीं, मग चढण. गडावर त्यांनीं पहिलें चित्र बालेकिल्ल्याचें काढलें. त्या साध्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्रानंतर किल्ली फिरवून रोल पुढें सरकवावा लागे. बहिणीच्या फोटोनंतर ती फिरवावयाची राहिली, आणि एकाच जागीं दोन चित्रें उमटलीं. पहिल्यांतलीं पांढरीं वस्त्रें दुसऱ्यांतल्या काळ्या कातळावर तेवढीं उठून दिसलीं. तिचा चेहरा मात्र उजळ आकाशांत अर्धामुर्धा विरून गेला.

रोल धुवून येण्यापूर्वींच, जानेवारींत, ती मुलगी तापानें दगावली. तिचें दुसरें कोणतेंही छायाचित्र नव्हतें.

“माझ्या एका विसरण्यानें आईला तिचा चेहरा धड राहिला नाहीं,” असें ते गृहस्थ आम्हांस म्हणाले. “आईनें तें वेदीवर ठेवलें, तेव्हां सांगावें असें मनांत आलें. पण ती म्हणाली, बाय डोंगरावर पोहोंचली. मग कोणत्या तोंडानें सांगावें? ती जाईपर्यंत मी गप्प राहिलों. ती गेल्यावर सांगावयास कोणी उरलें नाहीं.” 

आम्ही त्या चित्रास चमत्कार म्हणत नाहीं, व आपणही म्हणूं नये. ती किल्ली न फिरविल्याची चूक आहे. परंतु त्या माउलीनें त्या चुकींत जें पाहिलें तें खोटें होतें, असें म्हणण्यासही आमची जीभ वळत नाहीं. आम्हीं त्या गृहस्थांस एवढेंच विचारलें कीं, किल्ली फिरवली असती, तर एक चांगला फोटो भिंतीवर टांगला गेला असता, आणि कालांतरानें त्यावर धूळ बसली असती. तीस वर्षें रोज कोणी त्याच्याकडे असें पाहिलें असतें काय? ते म्हणाले, “ठाऊक नाहीं.” पण दुसऱ्या रविवारीं ते स्वतः पेन्सिल घेऊन आले, आणि चित्राच्या पाठीवर बहिणीचें नांव, दोन्ही तारखा आणि ‘चूक माझी’ हे दोन शब्द लिहून, खालीं सही करून गेले.

आतां तिसरें चित्र. याची हकीकत मात्र आम्हांस पुरी सांगतां येत नाहीं.

स्थळ पूर्वीच्या वेल्हें तालुक्यांतील पानशेत. काळ १९६१ चा मे महिना. पानशेतला आंबी नदीवर मातीचें धरण बांधण्याचें काम चालू होतें, आणि तें पाहावयास पुण्याचे लोक हौसेनें जात. चित्रांत नव्या मातीचा मोठा बांध आहे, त्यापुढें चार तरुण खांद्यावर हात टाकून हंसत उभे आहेत, आणि बाजूस सायकली एकीला एक टेकवून ठेविल्या आहेत. आमच्या आल्बमांत खालीं चौघांचीं नांवें होतीं, म्हणून हें चित्र पूर्ण ओळखलेलें आहे, अशी आमची खात्री होती. या खेपेस आमच्यांतील एकानें सहज सायकली मोजल्या. त्या पांच निघाल्या. मग आमचें लक्ष खालच्या सावलीकडे गेलें. कोपर बाहेर काढून, कमरेपाशीं पेटी धरून उभा असलेला तो पांचवा.

दोन महिन्यांच्या आंत, १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं, काम पुरें झालेलें नसतां पावसाच्या पाण्यानें भरलेलें तें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणही गेलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. चौघांपैकीं एकाचें बिऱ्हाड नारायण पेठेंत नदीजवळ होतें. घर गेलें, लोखंडी ट्रंक गेली, ट्रंकेंतील आईबापांच्या लग्नाचा फोटोही गेला. हें एकच चित्र वांचलें, कारण मोठी प्रत करण्यासाठीं तें त्या दिवशीं कॅम्पांतील एका दुकानांत पडलेलें होतें. पुढें तें कुटुंब आपल्या धर्मग्रामांत राहावयास आलें. चित्रांतील तो मातीचा बांध आज नाहीं. नवें धरण बांधलें गेलें, त्याच्या जलाशयास तानाजीसागर म्हणतात. बांध उभा होता याची साक्ष देणारें हें चित्र उरलें, आणि चौघांपैकीं ते एक गृहस्थ उरले.

त्यांस जाऊन पांचव्याचें नांव विचारावें, असें आम्हीं ठरविलें. एका रविवारीं पाऊस लागला, म्हणून राहिलें. दुसऱ्या रविवारीं समितीची बैठक लांबली, म्हणून राहिलें. त्यानंतर कांहीं ना कांहीं निमित्त निघत गेलें, आणि उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यांत ते निवर्तले. त्यांच्या मृतमिस्सेस आम्ही तें चित्र खिशांत घेऊन बसलों होतों. मग पाठीवर तरी कांहीं असेल या आशेनें आम्हीं तें आल्बमांतून सोडवूं गेलों. आमची खळ फार चांगली होती. पाठीचा सारा थर काळ्या कागदालाच चिकटून राहिला.

त्यांच्या भगिनींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “पांचवा कोण तें मला ठाऊक नाहीं. पण दादा दर वर्षीं बारा जुलैला एक मेणबत्ती जास्त लावीत असत. कोणासाठीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.”

यापलीकडे आम्ही कांहीं सांगूं शकत नाहीं, आणि तर्क करणें उचित समजत नाहीं. त्या चित्राखालीं आम्हीं पांच ओळी आंखल्या आहेत. चार भरल्या आहेत, पांचवी रिकामी ठेविली आहे.

भोर तालुक्यांत भाटघरचें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं वेळवंडी नदीच्या कांठचें कांबरेश्वराचें जुनें देवालय गेलेलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें दरवर्षीं थोडे दिवस वर येतें, आणि लोक जाऊन त्याचे दगड पाहून येतात. पाणी इतकें उदार असतें. माणसाची आठवण मात्र एकदां त्याच्याबरोबर गेली, कीं कोणत्याही उन्हाळ्यांत वर येत नाहीं. म्हणून ती असतांनाच मागून घेतली पाहिजे.

आमची विनंति अगदीं साधी आहे. घरीं जाऊन आपआपले जुने फोटो काढा, व पालथे करा. ज्यांची पाठ कोरी आहे त्यांवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहा. शाई वापरूं नका, ती पलीकडे फुटते. कोण, कोठें, केव्हां, हें लिहाच. पण फोटो कोणीं काढला, हेंही लिहा. तो माणूस चित्रांत कधींच नसतो, आणि त्याच्यावांचून चित्रही नसतें. फोटो चिकटवूं नका; कागदी कोपऱ्यांत बसवा. ज्यांच्या मोबाईलमध्यें हजारों चित्रें आहेत, अशा तरुणांसही हेंच सांगणें. तुमच्या चित्रांवर तारीख व वेळ आपोआप उमटते, ही चांगली गोष्ट आहे; पण आजी घंटेला हात लावून काय म्हणाली, तें यंत्र आपोआप लिहीत नाहीं. वर्षांतून दहा चित्रें तरी कागदावर उतरवून घ्या, आणि त्यांच्या पाठी भरा.

येत्या रविवारापासून मिस्सेनंतर चर्चच्या दाराशीं एक मेज मांडलेलें असेल. त्यावर पेन्सिली असतील, आणि आम्ही तिघे असूं. वृद्धांनीं यावें, बसावें, सांगावें. मुलांनीं लिहून घ्यावें. पाऊस असला तरी मेज मांडलें जाईल, आणि बैठक असली तरी मांडलें जाईल. पुढचा रविवार ही काय चीज आहे, तें आम्हांस कळून चुकलें आहे.

शेवटीं एक गोष्ट. फादरांच्या परवानगीनें येत्या १२ जुलैची सकाळची मिस्सा त्या पांचव्या माणसासाठीं अर्पण करण्याचें ठरलें आहे. वेदीवरून कोणतें नांव वाचावें, असा प्रश्न फादरांनीं आम्हांस केला. आम्हीं सांगितलें कीं, नांव आम्हीं हरविलें. परंतु ज्याच्यापुढें तें वाचावयाचें आहे, त्यास तें ठाऊक आहे. आपण सर्वांनीं त्या सकाळीं यावें.